पुरात भिजलेला जुना सागवानी दरवाजा: बदलावा की दुरुस्त करावा?

प्रश्न (दांडिया बाजार, बडोदा)
आमच्या वडिलोपार्जित घराला दोन झडपांचा सागवानी दरवाजा आहे. वर कोरीव गणेशपट्टी, आतून अडसर, बाहेरून कडी-कोयंडा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीला पूर आला, त्या वेळी ओट्यापर्यंत पाणी चढून चौकटीचे पाय भिजले. तेव्हापासून उजवी झडप पावसाळ्यात घासते आणि चौकटीच्या पायाशी वाळवीची माती दिसू लागली आहे. मिस्त्रींच्या मते सगळे काढून फ्लश (प्लायवुडचा सपाट) दरवाजा बसवावा. आईचा त्या दरवाजावर फार जीव आहे आणि माझाही आहे. परंतु केवळ मायेपोटी घराची सुरक्षितता पणाला लावू नये, असेही वाटते. जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

प्रतिसाद १
दरवाजा काढण्याची घाई करू नये, ही कळकळीची विनंती. सागाचा आतला तपकिरी गाभा वाळवीला सहसा दाद देत नाही. ती शिरते ती बहुधा कडेच्या फिकट लाकडात. चौकटीच्या पायाशी स्क्रू-ड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. जेथे ते सहज रुतेल तेवढाच भाग खराब समजावा आणि तो कापून, तिरक्या सांध्याने जुन्या सागाचा तुकडा जोडून घ्यावा. त्याआधी वाळवीचा बंदोबस्त जमिनीत आणि भिंतीत व्हायला हवा, कारण तिचे घर तेथे असते. नुसत्या लाकडाला औषध फासल्याने ती काही महिन्यांत परत येते. नवा पाय थेट ओल्या दगडावर टेकवू नये.

प्रतिसाद २
घासण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण येथेच चांगले दरवाजे वाया जातात. लाकूड दमट हवेत रुंदीला फुगते, लांबीला जवळजवळ नाही. म्हणूनच पॅनेलच्या दरवाजात पॅनेल खाचेत मोकळे ठेवतात, डिंकाने चिकटवत नाहीत. भर पावसाळ्यात रंधा मारला, तर उन्हाळ्यात लाकूड आकसून दोन झडपांमध्ये फट पडते. तेव्हा लाकूड सुकेपर्यंत थांबावे. झडपेच्या वरच्या आणि खालच्या कडांना बहुतेक घरांत रंग लागलेलाच नसतो आणि ओल सर्वांत जास्त तेथूनच शिरते. त्या कडा तेलरंगाने बंद कराव्यात.
मात्र आधी एक पाहावे: झडप वरपासून खालपर्यंत सारखी घासते, की एकाच कोपऱ्यात? सारखी घासत असेल तर ती फुगली आहे; कोपऱ्यातच घासत असेल तर ती लोंबली आहे, आणि मग रंध्याचा काही उपयोग नाही.

प्रतिसाद ३
सुरक्षिततेचे म्हणाल, तर भिंतीत रुतणारा अडसर लावलेला भरीव सागवानी दरवाजा साध्या फ्लश दरवाजाहून कमी नाही.

मूळ प्रश्नकर्ता
सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज पाहिले, तर झडप फक्त खालच्या कोपऱ्यात घासते. आमच्याकडे बिजागऱ्या नाहीत. झडपेच्याच लाकडी खुंट्या वर-खाली खळग्यांत फिरतात, आणि उजवीकडची खालची खुंटी झिजून अर्धी राहिली आहे. चौकटीत स्क्रू-ड्रायव्हरचे टोक फक्त बोटभर रुतले. मिस्त्रींना फ्लश दरवाजाऐवजी खुंटीचे आणि चौकटीच्या पायाचे काम सांगितले आहे. वाळवीच्या औषधाचे काम त्याआधी होईल.