विषय: लिफ्ट आणि टूरिंग, दोन्हींसाठी एकच स्कीची जोडी घ्यायची तर कोणती?

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं पाच हिवाळे वॉशिंग्टन राज्यातल्या स्नोक्वाल्मी आणि स्टीव्हन्स पासला स्कीइंगला जातोय. यंदा रिसॉर्टच्या हद्दीबाहेर पडायचं मनात आहे. लिफ्टने वर जायचं, गेटमधून बाहेर निघायचं, स्किन (चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला चिकटवायच्या पट्ट्या) लावून तासभर चढायचं आणि ताज्या बर्फातून उतरायचं. पुण्यात असताना दर रविवारी सह्याद्रीत भटकायचो, त्यामुळे चढायची हौस जुनीच आहे.

दोन-दोन जोड्यांना ना पैसा आहे ना अपार्टमेंटात जागा. दुकानात तीन तऱ्हेची बाइंडिंग्ज (बूट स्कीला धरून ठेवणारी यंत्रं) बघितली आणि डोकं गरगरलं. माझं वजन ७८ किलो, बायकोचं ५४. बूट साधे आल्पाइन आहेत. वर्षाला साधारण २० दिवस जातो, त्यातले पाच-सहा बाहेर जातील. अनुभवी मंडळींनी सांगावं.

– रेडमंडहून

* * *

नमस्कार,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच मेलमध्ये आहे. २० पैकी पाच-सहा दिवस बाहेर, म्हणजे उरलेले १४-१५ दिवस तुम्ही लिफ्टवरच असणार. जोडी त्या दिवसांसाठी घ्या. मी नेमकं उलट केलं होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

चढ सोपा जावा म्हणून मी १२०० ग्रॅमची एक अशा हलक्या स्की घेतल्या आणि त्यांवर सगळ्यात हलकी पिन बाइंडिंग्ज बसवून घेतली. चढताना पायाला काही बांधलंय असं वाटायचंच नाही. जानेवारीत दोन दिवस पाऊस पडला आणि रात्रीत सगळं गोठलं. इथल्या कॅस्केड डोंगरांत हे नेहमीचंच. सकाळी ग्रूमरवर, म्हणजे यंत्राने सपाट केलेल्या उतारावर, स्की थडथडत होत्या आणि दर चार वळणांनी बूट पुढून निसटत होता. वैतागून मी टो पीसचा, म्हणजे बाइंडिंगच्या पुढच्या भागाचा, खटका वर ओढून लॉक केला. तो खटका चढताना लावायचा असतो, उतरताना नाही, हे मला ठाऊक होतं. कट्ट असा आवाज झाला आणि बूट निसटायचा थांबला. अर्ध्या तासाने मी पडलो, तेव्हाही तो निसटला नाही. उजव्या गुडघ्याचा एसीएल, म्हणजे आतला अस्थिबंध, तुटला. ऑपरेशन झालं, नऊ महिने फिजिओ चालला. मुलीला उचलून घ्यायचे ते महिने मी गमावले.

पिन बाइंडिंग वाईट नाही. फ्रिट्झ बार्थेल या ऑस्ट्रियन माणसाने १९८० च्या दशकात ते बनवलं ते चढण्यासाठी, आणि चढायला त्याला तोड नाही. बुटाच्या पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंना धातूच्या खोबणी असतात, त्यांत दोन पिना बसतात आणि टाच मोकळी राहते. पण उतरताना तीच पकड कडक पडते. आल्पाइन टो पीस धक्का बसला की बूट थोडा बाजूला सरकू देतो आणि परत जागेवर आणतो. साध्या पिनांमध्ये हे जवळजवळ नसतं. शिवाय त्यांतली बहुतेक बाइंडिंग्ज आडवा पीळ बसल्यावर पुढून नव्हे, टाचेकडून सुटतात. मऊ बर्फात हे चालून जातं. गोठलेल्या उतारावर, गर्दीत, दिवसाला १५ फेऱ्या मारताना नाही.

तुमच्या वजनाला आणि सवयीला मी सालोमन किंवा अ‍ॅटॉमिकचं शिफ्ट सुचवेन. २०१८ साली ते बाजारात आलं. चढताना पुढचा भाग पिनांचा होतो, उतरताना तोच आल्पाइन टो पीस होतो. एका पायाचं वजन साधारण ९०० ग्रॅम. मार्कर ड्यूक पीटी आणि कास्ट ही त्याहून दणकट आणि जड, कड्यांवरून उड्या मारणाऱ्यांसाठी. जुनं फ्रेम बाइंडिंग कुणी स्वस्तात देऊ केलं तरी घेऊ नका. त्यात प्रत्येक पावलाला टाचेखालचा सगळा सांगाडा उचलावा लागतो.

स्की कमरेला, म्हणजे मधल्या अरुंद भागात, ९८ ते १०४ मिलिमीटर, वजन प्रत्येकी १७०० ते १८०० ग्रॅमच्या आसपास. इथला बर्फ ओला आणि जड, त्याला उगाच ‘कॅस्केड काँक्रीट’ म्हणत नाहीत. हलकी स्की त्यात इकडेतिकडे फेकली जाते, वजनदार स्की रेटून पुढे जाते. बाइंडिंगचे ब्रेक (सुटलेली स्की थांबवणारे) स्कीच्या कमरेपेक्षा थोडेच रुंद घ्या, फार रुंद घेतले तर वळणात बर्फाला घासतात.

आणि पैसे मोजून ठेवा, कारण बूटही लागणार. तुमच्या आल्पाइन बुटांना पिनांच्या खोबणी नसतील, तर चढताच येणार नाही. खोबणी, चालायचा मोड आणि ग्रिपवॉक (चालताना पकड देणारा) तळ, हे तिन्ही असलेले बूट बघा. खरं तर बूट आधी, मग बाइंडिंग, शेवटी स्की. नवे बूट दुकानात घेऊन गेल्याशिवाय बाइंडिंग बसवू देऊ नका. टो पीसची उंची त्याच बुटाला जुळवावी लागते. तळ आणि खालची सरकती पट्टी यांच्यामधून कागद जेमतेम सरकला पाहिजे.

– बॉथेलहून

* * *

नमस्कार,

बॉथेलच्या दादांचं निम्मं पटलं. ७८ किलोच्या माणसाला ते बरोबर आहे. पण वहिनींना तीच जोडी घेऊन देऊ नका. माझं वजन ५२ किलो. १८०० ग्रॅमची स्की आणि वर ९०० ग्रॅमचं बाइंडिंग पायाला बांधून मी दोन हंगाम चढले. वर पोचेपर्यंत मांड्या संपलेल्या असायच्या आणि उतार मी दमलेल्या पायांनी उतरायचे. दमलेले पायही गुडघा घालवतात.

आता माझ्या स्की कमरेला ९४ मिलिमीटर, १४०० ग्रॅमच्या आहेत आणि त्यांवर फ्रिट्शी टेक्टॉन आहे. त्यात पुढे पिना आहेत, पण आडवी सुटका पुढूनच होते, आणि टाच आल्पाइनसारखी घट्ट धरते. वजनाने शिफ्टपेक्षा बरंच कमी. हलक्या माणसाला स्की वाकवायलाही कमी जड आणि जरा मऊच लागते.

सुटकेचा आकडा, म्हणजे डिन, दुकानात लावून घेताना वजन खरं सांगा. उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्ही किती जोरात स्की करता, यावरून तक्त्यात तो निघतो. पन्नाशी ओलांडली की एक पायरी खाली येतो. माझा गेल्या वर्षी आला आणि मी तो तसाच ठेवला आहे.

एक छोटी गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. चढून झाल्यावर टो पीसच्या पंखांखाली (पिना असलेल्या दोन भुजांखाली) बर्फ दाबून बसतो. मग जबडा पूर्ण मिटत नाही, पाय बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्याच वळणाला बूट सुटतो. मी खिशात आइस्क्रीमची लाकडी काडी ठेवते. पंखांखालचा बर्फ खरवडायचा, बुटाच्या खोबणीतला टोकरायचा, पाय बसवला की टाच मोकळी असतानाच पाच-सहा वेळा मागेपुढे झुलवायचा. एक मिनिट लागतं.

स्किन नायलॉनच्या किंवा मिश्रणाच्या घ्या. नुसत्या मोहेर (शेळीच्या केसांच्या) छान घसरतात, पण इथल्या ओल्या, चढ-उताराच्या वाटांवर पकड कमी पडते. कापताना दोन्ही बाजूंच्या लोखंडी कडा उघड्या राहिल्या पाहिजेत, नाहीतर कडक आडव्या उतारावर पाय टिकत नाही.

– कर्कलंडहून

* * *

मंडळी, दोन ओळी.

‘लिफ्टपासून जवळ’ म्हणजे सुरक्षित नव्हे. १९ फेब्रुवारी २०१२ ला स्टीव्हन्स पासला लागून असलेल्या टनेल क्रीकमध्ये हिमस्खलन झालं आणि तिघे गेले. त्या गटातले बरेच जण मुरलेले स्कीयर होते, सगळे लिफ्टनेच वर गेले होते. गेटच्या अलीकडचा उतार स्की पॅट्रोलची, म्हणजे रिसॉर्टच्या सुरक्षा पथकाची, माणसं स्फोटकं लावून मोकळा करतात. पलीकडे ते काम कुणी केलेलं नसतं. दोघांनीही बीकन (गाडलेल्या माणसाचा ठाव लावणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं घ्या, अ‍ॅव्हलांच (हिमस्खलन) लेव्हल १ चा कोर्स करा, आणि निघायच्या दिवशी सकाळी एनडब्ल्यूएसीचा, म्हणजे इथल्या हिमस्खलन केंद्राचा, अंदाज वाचा. पैसे कमी पडले तर स्की जुन्या घ्या, बीकन नवाच.

– इसाक्वाहून

* * *

सगळ्यांचे मनापासून आभार.

काल रात्री बायकोबरोबर बसून सगळे मेल दोनदा वाचले. ठरलं ते असं: माझ्यासाठी शिफ्ट आणि १०० मिलिमीटरची स्की, तिच्यासाठी टेक्टॉन आणि ९४-९५ ची हलकी. दोघांच्याही स्की मागच्या हंगामातल्या, सवलतीत मिळतील त्या. वाचलेल्या पैशांत डिसेंबरचा लेव्हल १ चा कोर्स, दोघांचाही. तोपर्यंत गेटबाहेर जायचं नाही, असं तिने मला लिहून द्यायला लावलंय आणि मी दिलंय.

बॉथेलचे दादा, गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं. आता मुलीला उचलता ना?

कर्कलंडच्या ताई, स्किन आम्ही कधी कापल्या नाहीत. एखाद्या शनिवारी तुमच्याकडे येऊ का? कटर आणतो, आणि बायको म्हणतेय की थालीपीठही आणू.

– रेडमंडहून

* * *

या. पण दुकानात मिळतो तोच स्किन कापायचा कटर आणा, घरातला नको. आणि स्की आणण्याआधी त्यांच्या तळाचं मेण पुसून ठेवा, नाहीतर गोंद धरत नाही. लोणी माझ्याकडे आहे.

– कर्कलंडहून