इंग्लंडच्या अकादमी म्हणजे आपल्या अनुदानित शाळाच का?

प्रश्न (दादर): पालिकेच्या शाळा संस्थांकडे सोपवायचा विषय निघाला की इंग्लंडमधल्या अकादमी नावाच्या सरकारी पैशावरच्या शाळांचा दाखला देतात. नेमका फरक काय?

उत्तर १: निधीचा. अकादमीला पैसा थेट केंद्राच्या शिक्षण खात्याकडून येतो, स्थानिक परिषदेला (म्हणजे तिथल्या पालिकेला) वगळून. चालवतो ट्रस्ट, फी नाही. २०१० च्या कायद्यानंतर संख्या झपाट्याने वाढली. आपल्याकडे पगार राज्य सरकार देतं, कारभार संस्थेचा.

उत्तर २: गोम उत्तरदायित्वात आहे. एका ट्रस्टकडे अनेक शाळा, मुख्य कार्यालय कधी दुसऱ्याच गावात. भांडुपच्या आईला निदान नगरसेवकाला गाठता येतं. इथे तेच हरवू नये!

उत्तर ३: आणि इंग्लंडमध्ये अकादमीसाठीही माध्यमिक प्रवेशाचा अर्ज परिषदेकडेच, ३१ ऑक्टोबरपर्यंत. जागा कळते १ मार्चला. उशिरा अर्ज केलात तर आवडीची शाळा बहुधा भरलेली असते.