अपघात डोळ्यांसमोर पाहिलेल्या ताईला भरपाई मागता येईल का?

मदत हवी आहे. भाऊजींना गाडीने उडवलं ते ताईने समोरच पाहिलं. ते आता बरे आहेत. ताईच झोपत नाही, हॉर्न वाजला की थरथरते. मानसोपचारतज्ज्ञांनी पीटीएसडी (भयंकर घटनेच्या धक्क्याने जडणारा मानसिक आजार) लिहून दिलंय. विमावाले विचारतात, 'पण यांना कुठे लागलंय?' (डोकं फिरतं, असो.)

इंग्लंडच्या कायद्याबद्दल वाचलं. हिल्सबरो दुर्घटनेनंतर (फुटबॉल स्टेडियममधली चेंगराचेंगरी) १९९१ च्या अल्कॉक निकालात जवळचं नातं हवं आणि घटना किंवा तिचे लगेचचे परिणाम स्वतः पाहिलेले-ऐकलेले हवेत असं ठरलं. नुसतं दुःख चालत नाही, निदान झालेला मानसिक आजार लागतो. ताईचं जुळतं. भाचीलाही तेच निदान आहे, पण तिने अपघात पाहिला नाही, ती थेट हॉस्पिटलात पोहोचली. १९८२ च्या मॅक्लॉक्लिन खटल्यात तशाच एका आईचा दावा मान्य झाला होता. असा दावा कुणी चालवलाय का? डॉक्टरांच्या रिपोर्टमध्ये नेमकं काय लिहून घ्यावं?