मदत हवी आहे: २५ टक्के चढवायचे की २० टक्के सोडवायचे? आणि जीएसटी कुठे धरायचा?

रानजाई
नमस्कार मंडळी,
बाबांचं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आता मी बघते. तालुक्याचं गाव, बरंचसं गिऱ्हाईक ओळखीचं आणि भाव सगळे बाबांच्या डोक्यात. खरेदीचं बिल हातात घेतलं की तोंडी भाव सांगून मोकळे. कसा काढला विचारलं की म्हणतात, "सवयीने येतं." मला एक्सेलमध्ये भावपत्रक करायचंय, तिथे सवय चालत नाही.

एक टेबल फॅन घेऊ. होलसेलरच्या बिलात दर १५०० रु., सीजीएसटी ९% म्हणजे १३५, एसजीएसटी ९% म्हणजे १३५, एकूण १७७०. खोक्यावर एमआरपी २६५०.

बाबा म्हणतात, २५ टक्के चढव. आमचे हिशेब बघणारे सर म्हणतात, २० टक्के मार्जिन सुटतंय ना, मग झालं. दोघंही एकाच पंख्याबद्दल बोलतात!

तर २५ टक्के १५०० वर लावायचे की १७७० वर? त्यावर परत १८% लावायचा का? आणि गिऱ्हाईक "बावीसशे घ्या, सगळं धरून" म्हणालं तर त्यात जीएसटी किती? मी २२०० चे १८% काढले तर ३९६ येतात, बिलाचं सॉफ्टवेअर ३३५.५९ दाखवतं.
आम्ही नेहमीच्या जीएसटीत आहोत, कंपोझिशनमध्ये (छोट्या दुकानदारांसाठीची उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायची योजना) नाही.

वायरमन
१७७० वर लावा. खिशातून गेले ते १७७०. सोप्पं आहे.

आकडेमोड
वायरमनभाऊ, सोप्पं आहे पण अर्धवट आहे.

रानजाई, तुम्ही नेहमीच्या जीएसटीत आहात, म्हणजे खरेदीवर भरलेले २७० तुम्हाला विक्रीच्या जीएसटीतून इनपुट क्रेडिट म्हणून वळते मिळतात. तो तुमचा खर्च नाही. तुमची खरेदी १५००. त्यावर २५% म्हणजे ३७५, विक्रीदर १८७५. त्यावर १८% जीएसटी ३३७.५०. गिऱ्हाईक देणार २२१२.५०.

आता गंमत बघा. १७७० ला १.२५ ने गुणलं तरी २२१२.५० च येतात. गुणाकार आहे, आधी १.१८ घ्या नाहीतर १.२५. म्हणून बाबांचा तोंडी भाव बरोबर निघतो. घोटाळा दोन ठिकाणी होतो. एक, १७७० वर २५% चढवून त्यावर परत १८% लावला तर पंखा २६१०.७५ ला जातो, आणि गिऱ्हाईक समोरच्या दुकानात. दोन, २२१२.५० मधून १७७० वजा करून "४४२.५० सुटले" असं वाटतं. त्यातले ६७.५० सरकारचे (३३७.५० वजा २७०). तुमचे ३७५ च.

रानजाई
म्हणजे बाबा १७७० धरूनच सांगत असणार! आणि २० टक्क्यांचं काय?

आकडेमोड
तेच ३७५. बाबा ते खरेदीशी ताडून बघतात: ३७५ भागिले १५००, २५%. तुमचे सर विक्रीशी ताडतात: ३७५ भागिले १८७५, २०%. भांडण नाहीच. उलट जायचं असेल, म्हणजे मार्जिन ठरलंय आणि भाव काढायचाय, तर खरेदीला (१ वजा मार्जिन) ने भागा. ३०% मार्जिन हवं तर १५०० भागिले ०.७०, म्हणजे २१४२.८६. खरेदीवर ३०% चढवले तर १९५० च येतात. एका पंख्यामागे जवळजवळ दोनशेचा फरक.

घाटावरची
२२०० चं मी सांगते. सॉफ्टवेअर बरोबर आहे. १८% हा मूळ दरावर लागतो, आणि २२०० मध्ये दर आणि कर दोन्ही आहेत. म्हणजे २२०० हे ११८ भाग. २२०० × १८ ÷ ११८ = ३३५.५९. मूळ दर १८६४.४१, तुमचा नफा ३६४.४१. बावीसशेला बिनधास्त द्या. एमआरपीचंही तसंच, ती सगळे कर धरूनच छापलेली असते. २६५० वर वरून जीएसटी मागायचा नाही, गिऱ्हाईक भांडलं तर त्याचं बरोबर ठरेल.

वायरमन
बरं, मानलं. पण दिवाळीत सगळे "१० टक्के सूट" लावतात, तेव्हा काय?

घाटावरची
तिथेच जपायला हवं. २२१२.५० वर १०% सूट म्हणजे १९९१.२५. मूळ दर उरला १६८७.५०. खरेदी १५००. नफा १८७.५०, म्हणजे ३७५ चा बरोबर अर्धा! सूट १० टक्के, नफा ५० टक्क्यांनी खाली. आणि २० टक्के सूट दिलीत तर पंखा खरेदीच्या भावात गेला, कारण १८७५ चे २०% म्हणजेच ३७५. बोर्ड लावायचाच असेल तर सूट एमआरपीवर लिहा. २६५० वर १५% सूट म्हणजे २२५२.५०, अजूनही तुमच्या भावाच्या वर. सूट बिलावर मात्र दाखवा, म्हणजे कर कमी झालेल्या रकमेवरच लागतो.

सदोबा
टेम्पोचं भाडं आणि हमाली कुणी धरलीच नाही. २० पंख्यांना ६०० रु. लागले तर नगामागे ३० रु. खरेदी १५३० धरा, मग २५%, मग जीएसटी: २२५६.७५. आमच्यासारख्या कंपोझिशनवाल्यांचं वेगळं असतं. क्रेडिट मिळत नाही, म्हणून आमची खरेदी खरोखरच १७७०. गिऱ्हाइकाकडून कर घेता येत नाही, उलाढालीवर १% पदरचा भरायचा.

रानजाई
सगळ्यांचे आभार. एक्सेलमध्ये नगाची खरेदी × १.२५ × १.१८ टाकते, भाडं खरेदीत मिळवून.

आकडेमोड
१.१८ सूत्रात कोंबू नका, दराचा वेगळा रकाना ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर वॉटर हीटर १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, पंखा १८ वरच आहे. दुकानात दोन्ही असतील तर एकच सूत्र खाली ओढल्यावर हीटरचा भाव चुकेल. २५ चाही वेगळा रकाना करा. वायरच्या बंडलवर कुणी पंचवीस देत नाही.

रानजाई
वायरवर बाबा आठ सांगतात. केला रकाना.