मदत हवी आहे: प्रोपेलर शाफ्ट कुठला घ्यावा? अर्जंट

घाटमाथा४बाय४: लिफ्ट केल्यापासून (उंची वाढवल्यापासून) गाडी साठच्या पुढे गेली की नुसती थरथरते. मेकॅनिक म्हणतो मागचा शाफ्टच (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) बदला. बाहेरून बनवून घेऊ की ओरिजिनलच टाकू? रविवारी ट्रेल आहे, पटकन सांगा, आणि गूगल कर म्हणू नका ते करून झालंय.

पाटेवाला: गाडी कुठली ते तरी सांगा राव! लिफ्ट किती, शॅकलने (पाट्याच्या टोकाच्या कडीने) की पाट्यांनी (स्प्रिंगने)?

घाटमाथा४बाय४: जिप्सी, अजून कुठली. ३ इंच, नवीन पाटे.

डबलजॉइंट: डोळे झाकून डबल कार्डन (एका टोकाला दुहेरी सांधा असलेला शाफ्ट) घ्या. मी लावलाय, थरथर गायब.

लेथमास्तर: डोळे झाकून काही घेऊ नका. डबल कार्डन लावला तर मागचं पिनियन (अ‍ॅक्सलमध्ये शाफ्ट जिथे जोडतो तो गिअर) वर उचलून शाफ्टच्या रेषेत आणावं लागतं, म्हणजे पाट्याखाली पाचर आली. साध्या दोन क्रॉसच्या (वळत्या सांध्यांच्या) शाफ्टचं वेगळं, तिथे ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी) आणि पिनियनचे फ्लँज (शाफ्ट जोडायच्या चकत्या) समांतर हवेत. शिवाय जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून सुटी असते, मध्ये एक छोटा शाफ्ट आहे, तो कुणी बघितला का? पुढचे हब फ्री करून (पुढची चाकं अ‍ॅक्सलपासून सुटी करून) चालवलीत का? थरथर गॅस देताना येते की सोडल्यावर?

घाटमाथा४बाय४: हब फ्रीच आहेत. गॅस देताना जास्त. रिव्हर्स टाकला की खट्ट वाजतं, पण ते लिफ्टच्या आधीपासून आहे म्हणून लिहिलं नाही.

लेथमास्तर: अहो तेच आधी सांगायचं ना! क्रॉस गेला असणार. शाफ्ट खाली घ्या, क्रॉस हाताने चारी बाजूंना फिरवा, कुठे अडकला किंवा टोपीच्या कडेला तांबूस पूड दिसली तर आतल्या सुया (बारीक बेअरिंग) कोरड्या पडल्यात. स्लिप (शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा भाग) किती बाहेर आलाय तेही बघा, फार आला असेल तर शाफ्ट लांब करून बॅलन्सिंग करून घ्या.

कायदेपंडित: लिफ्टची आरसीवर नोंद आहे का? मोटार वाहन कायदा कलम ५२ वाचा, गाडीत बदल करण्याबद्दलचं.

घाटमाथा४बाय४: साहेब मी शाफ्टचं विचारलंय.

थारप्रेमी: विका आणि थार घ्या 😀

पाटेवाला: क्रॉस निपलवालाच (ग्रीस भरायचं तोंड असलेला) घ्या. पाण्यातून गाडी काढली की त्याच दिवशी ग्रीस मारायचं, चारी टोप्यांतून ताजं ग्रीस दिसेपर्यंत. सीलबंद क्रॉसात चिखल शिरला की तुम्ही काही करू शकत नाही.

डबलजॉइंट: निपलसाठी क्रॉस आतून पोखरलेला असतो, जोर आला की तिथेच तुटतो. सीलबंद घ्या.

पाटेवाला: किती तुटलेले बघितलेत तुम्ही? आमच्याकडे पावसाळ्यात सीलबंदच आधी जातात.

घाटमाथा४बाय४: काढून बघितला, एका बाजूला अडकतोय, पूडही आहे. पण आता परत लावल्यावर आधीपेक्षा जास्त थरथरतंय!!

लेथमास्तर: स्लिप ओढून काढलात ना? एक दात चुकीचा बसला असेल. दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत आणा. आणि नवा क्रॉस टाकायला काढाल तेव्हा आधी पंचने खूण करा, खडूने नको, हाताच्या ग्रीसने पुसते.