निर्णय ‘रद्द’ झाला, ‘फिरला’ की ‘बाद’ ठरला?

मूळ प्रश्न
आमच्या विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी मी मराठीत एकपानी तक्ता लिहितेय: निर्णय कुठे शोधायचा, ई-एससीआरवर (सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांचं संकेतस्थळ) काय मिळतं, इंडियन कानून हे निर्णय शोधायचं संकेतस्थळ कसं वापरायचं वगैरे. ‘ओव्हररूल्ड’पुढे मी ‘रद्द झालेला’ लिहिलं, ‘रिव्हर्स्ड’पुढेही ‘रद्द झालेला’. एका सरांनी दोन्हीकडे लाल रेघ मारली. बरोबर शब्द काय ते विचारलं, तर म्हणाले, “तूच शोध.” मुलं बरीचशी मराठी माध्यमातली आहेत. काय लिहू?

प्रतिसाद १
मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. सरांची रेघ बरोबर आहे. वरच्या कोर्टाने अपिलात खालच्याचा निकाल उलटा केला, की आम्ही म्हणतो ‘निकाल फिरला’. खटला तोच, पक्षकार तेच, हरलेला जिंकला. हे रिव्हर्स. ओव्हररूलमध्ये खटलाही वेगळा आणि माणसंही वेगळी. मोठं पीठ सांगतं की अमक्या जुन्या निर्णयात कायद्याचा लावलेला अर्थ चुकीचा होता. जुन्या खटल्यात ज्याच्या पदरात जे पडलं ते तसंच राहतं, फक्त तो निर्णय यापुढे कोणाला आधार म्हणून दाखवता येत नाही. ‘रद्द’ म्हटलं की पक्षकार धावत येतो, “साहेब, आमचा जुना हुकूमनामाही गेला का?” गेलेला नसतो.

प्रतिसाद २
दोन्ही शब्द एकाच गोष्टीत सापडतात, मुलांना तीच सांगा. आणीबाणीत मिसा या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली स्थानबद्ध केलेल्यांचे अर्ज आपण ऐकू शकतो, असं अनेक उच्च न्यायालयांनी ठरवलं. सरकार अपिलात गेलं. २८ एप्रिल १९७६ ला एडीएम जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते निर्णय चार विरुद्ध एक अशा मताने फिरवले. इथे ‘फिरवले’ अगदी चपखल. तो एक म्हणजे न्या. एच. आर. खन्ना. चौघांत आपले पुण्याचे न्या. यशवंत विष्णू चंद्रचूड होते.

पुढे २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात, नऊ न्यायाधीशांच्या पीठापुढे, जबलपूरचा निर्णय ओव्हररूल झाला आणि तसं लिहिणाऱ्यांत त्यांचेच चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड होते. ‘मुलाने वडिलांचा निकाल फिरवला’ हे वाक्य मी कितीदा ऐकलंय! ऐकायला झकास, पण फिरवायला जबलपूरचं अपील तिथे होतं कुठे? तो खटला आधार ओळखपत्रावरून निघालेला, खासगीपणाच्या हक्काचा.

मधे आणखी एक प्रकार घडला, तोही तक्त्यात घ्या. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने कलम ३५९ बदललं, त्यामुळे कलम २० आणि २१ चे हक्क (२१ म्हणजे जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा) आणीबाणीतही थोपवता येत नाहीत. न्यायालयाने निर्णयाला हात लावलाच नव्हता, संसदेने त्याच्या पायाखालचा कायदा बदलला. याला मी ‘निष्प्रभ झालेला’ म्हणेन.

प्रतिसाद ३
‘ऑब्जेक्शन ओव्हररूल्ड’ म्हणजे हरकत फेटाळली. मग ‘फेटाळलेला निर्णय’ का नको?

प्रतिसाद १
फेटाळतात तो अर्ज, मागणी, अपील. पुढ्यात कोणी काही मागायला आलं तर ते फेटाळायचं. चाळीस वर्षांपूर्वीचा निर्णय काय मागणार?

प्रतिसाद ४
शासकीय अनुवादात ‘अधिक्रमित’ हा शब्द रूढ आहे.

मूळ प्रश्नकर्ती
मुलं ते ‘अतिक्रमण’ वाचतील हो! शिवाय तो शासन निर्णयांतला शब्द ना? जुना बाजूला सारून त्याच खात्याने नवा काढला, असा.

प्रतिसाद ५
‘मोडीत निघालेला’ कसा वाटतो? तांब्याची घागर मोडीत घातली की तांब्याचं वजन तेवढं उरतं, पाणी भरता येत नाही. आमच्याकडे जुने वकील बोलताना सर्रास असंच म्हणतात.

प्रतिसाद २
बोलायला ठीक. पण उद्या एखादा मुलगा सरावखटल्यात न्यायमूर्तींचा निर्णय ‘मोडीत निघाला’ असं लेखी देईल. माझं मत ‘बाद’ला. बाद मतपत्रिका आठवा: कागद आहे, पेटीत पडलाय, जपून ठेवलाय, पण मोजणीत धरत नाहीत. ओव्हररूल झालेल्या निर्णयाचं नेमकं तेच होतं. सगळा नाही, एखादाच मुद्दा गेला असेल तर ‘अंशतः बाद’ लिहिता येतं. ‘अंशतः मोडीत’ म्हणून बघा!

प्रतिसाद ६
ग्रंथपाल म्हणून एक सांगते. छापील खंडाला यातलं काहीच कळत नाही. एआयआर आणि एससीसी या निर्णय छापणाऱ्या मालिका. कपाटातून जबलपूरचा निर्णय, एआयआर १९७६ एससी १२०७, काढा किंवा तोच (१९७६) २ एससीसी ५२१ इथे बघा, पान जसंच्या तसं आहे, कुठेही लाल शाई नाही. म्हणून तक्त्यात शब्दांच्या खालीच लिहा: इंडियन कानूनवर निर्णय मिळाला की ‘साइटेड बाय’ची, म्हणजे त्याचा उल्लेख करणाऱ्या नंतरच्या निर्णयांची, यादी उघडायची आणि नंतरच्या मोठ्या पीठाचे निर्णय आधी वाचायचे. यादी भली मोठी दिसली म्हणजे निर्णय जिवंत आहे असं मुलं समजतात. शिव्या घालणारेही त्याच यादीत असतात.

प्रतिसाद १
‘डिस्टिंग्विश’ विसरू नका. तिथे जुना निर्णय शाबूत असतो, फक्त वस्तुस्थिती निराळी म्हणून या खटल्याला लावत नाहीत. आम्ही सरळ ‘लागू नाही’ म्हणतो. त्याला बाद म्हणालात तर समोरचा वकील हसेल.

मूळ प्रश्नकर्ती
मग असं लिहिते. रिव्हर्स्ड: अपिलात फिरला. ओव्हररूल्ड: आधार म्हणून बाद. कायदा बदलल्यामुळे: निष्प्रभ. डिस्टिंग्विश्ड: या खटल्याला लागू नाही. सरांना उद्या दाखवते.

प्रतिसाद ६
प्रत्येक ओळीत इंग्रजी शब्द रोमन लिपीतही ठेवा हं. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांचे मूळ निर्णय सहसा इंग्रजीत असतात, त्यामुळे शोधाच्या चौकटीत ‘बाद’ टाकून हाती काही लागणार नाही. निर्णयांत येणाऱ्या जमिनीविषयीच्या मराठी शब्दांचीही तीच गत. ‘फेरफार’ शोधायचा तर ‘म्युटेशन एंट्री’ टाका, नाहीतर रोमनमध्ये एफने एकदा आणि पीएचने एकदा टाकून बघा. ‘गावठाण’ तर मी तीन स्पेलिंगांनी शोधलंय, आणि हवा होता तो निर्णय तिसऱ्याने मिळाला.