आयटी प्रोजेक्ट मॅनेजरची मुलाखत: तासाभरात नेमकं काय तपासायचं?

खराडी_टेकडी:
नमस्कार. पुण्यातल्या साठेक माणसांच्या सर्व्हिस कंपनीसाठी दोन प्रोजेक्ट मॅनेजर घ्यायचे आहेत. एक अमेरिकन क्लायंटच्या फिक्स्ड प्राइस (आधीच ठरलेल्या रकमेच्या) प्रोजेक्टवर, दुसरा टाइम अँड मटेरियलवर (जितकं काम तितकं बिल), तिथे दोन आठवड्यांचे स्प्रिंट, म्हणजे कामाचे छोटे टप्पे, चालतात. आलेले सीव्ही सगळे एकाच साच्यातले: दहा-बारा वर्षं अनुभव, पीएमपी किंवा सीएसएम (प्रोजेक्ट मॅनेजमेंट आणि स्क्रमची सर्टिफिकेट), ‘चाळीस जणांची टीम सांभाळली’. अजाइल (छोट्या टप्प्यांत काम) आणि वॉटरफॉलमधला (सगळं आधी ठरवून एकामागोमाग काम) फरक विचारला की सगळेच फाडफाड उत्तर देतात. पॅनेलवर मी, एक आर्किटेक्ट आणि एचआर. माणूस खरंच प्रोजेक्ट चालवतो की नुसते स्टेटस रिपोर्ट पुढे ढकलतो, हे कसं ओळखावं?

डिलिव्हरी_ठाणे:
व्याख्या विचारणं आधी बंद करा. समोर आकडे ठेवा आणि पंधरा मिनिटं ऐका.

फिक्स्ड प्राइसच्या जागेसाठी एका कागदावर एवढंच द्या: एकूण बजेट ६० लाख. आजवर ३० लाखांचं काम व्हायला हवं होतं, झालंय २४ लाखांचं. खर्च ३२ लाख. रिपोर्टवर स्टेटस हिरवं. मग विचारा, ‘सोमवारच्या कॉलवर काय सांगाल, आणि कुणाला?’

सीपीआय, म्हणजे खर्चाच्या मानाने झालेलं काम, २४ भागिले ३२, ०.७५. एसपीआय, म्हणजे वेळापत्रकाच्या मानाने झालेलं काम, २४ भागिले ३०, ०.८. असंच चालू राहिलं तर शेवटचा खर्च ६० भागिले ०.७५, म्हणजे ८० लाख. परीक्षेचा अभ्यास केलेला कुणीही इथपर्यंत येतो. पुढचं बघा. ज्याने प्रोजेक्ट चालवलाय तो विचारतो, जास्तीचे ८ लाख कशात गेले? चुकीच्या रिक्वायरमेंटमुळे एखादं मॉड्यूल पुन्हा लिहावं लागलं, असं एकदाच घडलेलं कारण असेल, तर उरलेलं ३६ लाखांचं काम ठरल्या खर्चात होईल आणि आकडा ६८ लाखांवर थांबेल. एस्टिमेटच कमी होतं किंवा टीम नवखी आहे, असं रोजचं कारण असेल तर ८० धरायचे. मधले १२ लाख फिक्स्ड प्राइसमध्ये कंपनीच्याच खिशातून जातात, म्हणून हा प्रश्न त्याला आपणहून सुचायला हवा.

तो आणखी एक गोष्ट विचारेल: ‘झालंय’ म्हणजे कोड लिहून झाला, टेस्टिंग झालं, की यूएटीमध्ये (क्लायंटच्या स्वतःच्या चाचणीत) क्लायंटने मान्य केलं? हे न विचारता २४ लाख खरे धरणाऱ्याच्या प्रोजेक्टमध्ये नव्वद टक्के काम महिनोन्महिने नव्वद टक्केच राहतं.

‘कुणाला’ याचं उत्तरही नीट ऐका. फिक्स्ड प्राइसमधला आपला खर्च क्लायंटला सांगायचा नसतो. त्याला तारीख किती हलतेय ते सांगायचं, खर्च आपल्या डिलिव्हरी हेडला. दोन्ही एकाच मेलमध्ये लिहिणारा माणूस जपून घ्या.

आणि कुणी म्हणालं, ‘टीमला शनिवार-रविवार बसवून ६० लाखांतच संपवतो’, तर हिशेब दाखवा. शिल्लक २८ लाख, काम ३६ लाखांचं. आजवर रुपयाला ७५ पैशांचं काम देणारी टीम यापुढे रुपयाला जवळजवळ १ रुपया २९ पैशांचं काम कशाच्या जोरावर देणार?

स्प्रिंटवाली:
वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, पण तुमच्या दुसऱ्या जागेसाठी हा कागद चालणार नाही. तिथे स्कोप दर स्प्रिंटला हलतो, मूळ बजेटशी तुलना करून फारसं हाती लागत नाही.

त्याऐवजी मागच्या पाच स्प्रिंटची व्हेलॉसिटी, म्हणजे प्रत्येक स्प्रिंटमध्ये किती पॉइंटचं (कामाच्या आकाराचा अंदाज) काम झालं, ती द्या: ३१, २४, २९, २२, २६. बॅकलॉगमध्ये, म्हणजे उरलेल्या कामाच्या यादीत, १८० पॉइंट शिल्लक. क्लायंट विचारतोय, रिलीज कधी? सरासरी २६.४, म्हणून सात स्प्रिंट, चौदा आठवडे, असं एकच उत्तर देऊन थांबणारा अर्धवट तयार आहे. चांगला उमेदवार पल्ला सांगतो: सगळं उत्तम जमलं तर सहा स्प्रिंट, खराब वेग राहिला तर नऊ, म्हणजे बारा ते अठरा आठवडे. मग विचारतो की मध्ये गणपती-दिवाळी येते का, क्लायंटकडे थँक्सगिव्हिंगचा आठवडा येतो का, आणि १८० पॉइंटमधलं काय वगळलं तरी रिलीज होऊ शकतं.

यानंतर दहा मिनिटांचा खोटा कॉल करा. तुम्ही क्लायंट व्हा आणि म्हणा, ‘इन्व्हॉइसवर फक्त एक फील्ड वाढवायचंय, शुक्रवारपर्यंत द्या.’ लगेच ‘हो’ म्हणणारा टीमला गोत्यात आणतो, लगेच ‘नाही, आधी चेंज रिक्वेस्ट (बदलाची लेखी मागणी)’ म्हणणारा क्लायंट गमावतो. फील्ड कशासाठी हवंय, ते रिपोर्टमध्ये आणि एपीआयमध्येही (दुसऱ्या सॉफ्टवेअरशी जोडणीत) लागणार का, जुन्या इन्व्हॉइसचं काय, हे विचारून ‘उद्या दुपारपर्यंत परिणाम लेखी कळवतो, या स्प्रिंटमध्ये हवं असेल तर तेवढ्याच पॉइंटचं दुसरं काम बाहेर काढू’ असं म्हणणारा हवा.

भरती_नाशिक:
एचआरच्या बाजूने. ‘चाळीस जणांची टीम’ तपासायला तीन साधे प्रश्न पुरतात: त्यांच्या रजा कोण मंजूर करायचं, अप्रेझल कोण लिहायचं, महिन्याचं बिलिंग कोण मान्य करायचं? तिन्ही ठिकाणी दुसऱ्याचं नाव आलं तर ते काम को-ऑर्डिनेटरचं होतं. ते कमी दर्जाचं नाही, पण तुमची जागा वेगळी आहे.

सर्टिफिकेटचा अर्थ समजून घ्या. सीएसएम कोर्स आणि ५० प्रश्नांच्या परीक्षेवर मिळतं, ३७ बरोबर आले की पास. पीएमपीसाठी आधीचा प्रोजेक्टचा अनुभव दाखवावा लागतो आणि दर तीन वर्षांनी ६० पीडीयू (शिकण्याचे तास) भरून ते चालू ठेवावं लागतं. पीएमपी देणाऱ्या पीएमआय संस्थेच्या ऑनलाइन रजिस्ट्रीत नाव शोधलं की चालू आहे का कळतं. बंद पडलेलं असूनही सीव्हीवर लिहिलेलं असेल तर कारण विचाराच.

गुण देताना प्रत्येकाने स्वतंत्रपणे १ ते ४ मध्ये द्यावेत आणि प्रत्येक गुणापुढे उमेदवार काय म्हणाला ते एका वाक्यात लिहावं. चर्चा त्यानंतरच, नाहीतर पॅनेलवरचा वरिष्ठ बोलला की बाकीचे मान डोलावतात. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. २०२२ मध्ये मानसशास्त्रज्ञ सॅकेट आणि सहकाऱ्यांनी निवडपद्धतींवरच्या जुन्या संशोधनाची फेरतपासणी केली, त्यात अशी बांधीव मुलाखत सगळ्यात वर आली आणि अनुभवाची वर्षं खूप खाली. ‘किमान बारा वर्षं’ ही अट जाहिरातीतून काढून टाका, असं माझं ठाम मत आहे.

नोटीस पीरियड ९० दिवसांचा असेल तर ऑफर देऊन गप्प बसू नका, त्या काळात उमेदवाराच्या हातात दुसऱ्या ऑफर येतात. त्याच्या होणाऱ्या मॅनेजरने दर पंधरा दिवसांनी स्वतः फोन करावा, राजीनामा मंजूर झाल्याचा मेल मागून घ्यावा. उमेदवाराची संमती घेऊन पीएफची सर्व्हिस हिस्टरी बघा, दोन नोकऱ्यांच्या तारखा एकमेकींत घुसल्या असतील तर तिथे दिसतात. सध्याच्या कंपनीत राजीनाम्याआधी चौकशीचा फोन मात्र करू नका, त्याची आहे ती नोकरी जाऊ शकते.

खराडी_टेकडी:
सगळ्यांचे आभार, दोन्ही कागद तयार करतेय. एक शंका: आमचा आर्किटेक्ट दर वेळी जावाच्या प्रश्नांत शिरतो. तांत्रिक बाजू किती तपासावी?

डिलिव्हरी_ठाणे:
दहा मिनिटं, आणि कोड अजिबात नको. आर्किटेक्टला सांगा, गो-लाइव्हची, म्हणजे नवी सिस्टीम सुरू करण्याची, रात्र विचार. डेटा मायग्रेशन (जुना डेटा नव्या सिस्टीमवर नेणं) चार तासांत व्हायचं होतं, तीन तास झालेत आणि निम्मंच झालंय, सकाळी सहाला युजर लॉगिन करणार. उमेदवाराने विचारायला हवं की रोलबॅकला (जुन्या सिस्टीमवर परत जायला) किती वेळ लागतो, तो आधी करून पाहिलाय का, आणि मागे फिरायचं असेल तर कितीच्या ठोक्याला ठरवावं लागेल. रोलबॅकला दोन तास लागत असतील तर निर्णय चारच्या आत हवा, आणि तो कोण घेणार हे आदल्या आठवड्यात लिहून ठेवलेलं हवं. ‘डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) विचारेन’ एवढंच उत्तर आलं तर २ गुण.